रऊबेनची लाइन

नवागाममध्ये आमच्या वस्तीतल्या तिसऱ्या लाइनच्या, म्हणजे रूमच्या तिसऱ्या रांगेच्या, तोंडाशी एक भिंत आहे. तिच्यावर कोळशाने एकच शब्द लिहिलेला आहे : रऊबेन. आजूबाजूला शिवी नाही, घोषणा नाही. ज्यांनी तो वाचला त्यांतल्या बहुतेकांना रऊबेन कोण हे माहीत नव्हतं, तरी तीन वर्षं सगळे त्या लाइनला तेच म्हणत आले. भाजीवाली म्हणे, रिक्षावाला म्हणे. पोरांनी त्याचा खेळ केला होता. एकाने टाळी वाजवायची, बाकीच्यांनी पळायचं, आणि जो जागचा हलला नाही तो रऊबेन. त्याच्याशी मग दिवसभर कोणी बोलायचं नाही. तो पोरगाही बोलत नसे. भिंतीला पाठ लावून संध्याकाळपर्यंत बसून राही.

हे नाव तिथे मी आणलं.

मी पत्रकांवर वाढले. माझे वडील, आबा, लूमवर म्हणजे यंत्रमागावर कारीगर होते आणि उरलेल्या वेळात युनियनचे. खाटेखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे, शाईचा वास अंथरुणाला यायचा. मी स्वतःहून वाचलेला पहिला शब्द ‘बंधूंनो’ हा आहे. शेजारच्या रूममध्ये एक मावशी राहायची, जालन्याकडची, ख्रिस्ती. तिच्याकडेही पत्रकंच असत, पातळ कागदाची, वर कोकराचं चित्र. दोघांची पत्रकं लिंबायतच्या एकाच प्रेसमध्ये छापली जायची. एकदा गठ्ठे बदलले. आबांनी पाळी सुटताना गेटवर घाईघाईने वाटून टाकलं ते तारणाच्या मार्गाचं पत्रक, आणि मावशीच्या प्रार्थनेला आलेल्या बायकांच्या हातात पडल्या आठवड्याच्या सुट्टीच्या मागण्या. एक कारीगर सगळं नीट वाचून आबांना म्हणाला, “बाकी ठीक आहे दादा, पण हा मेंढपाळ आपल्याला रविवारी सोडणार का?” मावशीच्या बायका मात्र मागण्यांवर आमेन म्हणून घरी गेल्या.

मावशी दुपारी साडीवर टिकल्या चिकटवायची आणि मला शास्त्रातल्या गोष्टी सांगायची. सांगताना तिचा आवाज वरखाली होत नसे. तंबूच्या मेखेने सेनापतीची कानशिलं फोडणारी बाई आणि खिडकीशी बसून त्याच्या रथाची वाट पाहणारी त्याची आई, दोघी तिच्या तोंडून सारख्याच सपाट यायच्या. ती लढाई मला पाठ होती. राजाकडे लोखंडाचे नऊशे रथ. इकडे इस्राएलचे वंश, त्यांच्याकडे ना ढाल ना भाला. पुढारी एक बाई, ताडाखाली बसून न्याय करणारी. तिने निरोप पाठवले. जबुलून आला, नफताली आला, ते जिवावर उदार झाले. नदीला पूर आला आणि रथ वाहून गेले.

“जिंकल्यावर त्या बाईनं गाणं म्हणलं,” मावशी सांगायची. “अन् गाण्यात हजेरी घेतली. कोण आलं, कोण न्हाई आलं.”

“रऊबेन नाही आला.”

“न्हाई आला. मेंढवाड्यात बसून राहिला. मेंढरांसाठी पावा वाजवत्यात ना, तो ऐकत. मनात मातर लई मोठाले विचार केले म्हणं.”

“मग त्याला काय शिक्षा झाली?”

“शिक्षा लिव्हलेली न्हाई, लेकरा. नुसतं विचारलंय, तू का बसून राहिलास म्हणून.”

“मग तो काय म्हणाला?”

मावशीने टिकली बोटाने दाबली. “त्याचं उत्तर कुठंच न्हाई. पुढं पुढं त्यांचं नावच येईनासं होतं.”

मला रथांची भीती कधी वाटली नाही. भीती वाटायची ती ह्या शेवटच्या वाक्याची. एक अख्खा वंश, त्यांची पोरंबाळं, कुत्री, मेंढरं, आणि हळूहळू त्यांचा आवाज येईनासा होतो. त्यांना कोणी मारलेलं नसतं.

मी बावीस वर्षांची असताना आमच्या भागातल्या एका खात्यात आग लागली. लूमच्या शेडला इथे खातं म्हणतात. पाळी चालू असताना शेठलोक शटरला बाहेरून कुलूप लावत, कारीगर मधेच उठून जाऊ नये म्हणून. त्या दिवशीही कुलूप होतं. आतले दोघे धुराने गेले. मी त्यांतल्या एकाच्या मुलीची शिकवणी घेत होते. संपाची मागणी ओळभराची होती : माणसं आत असताना शटरला कुलूप नको. ती मागणी आबांनी सांगितली आणि मी लिहिली. तिच्यातला एक शब्दही मला आजही बदलावासा वाटत नाही.

मोर्चा सकाळी सातला निघाला, पाळी बदलते त्या वेळी. नवागामातून गोडादऱ्याकडे. खाती बंद होती. ह्या भागात शांतता ऐकायची सवय कोणालाच नाही, आम्ही खडखडाटात झोपतो आणि खडखडाटात उठतो. त्या सकाळी पाळण्यातली मुलं दचकून उठली आणि रडू लागली. म्हातारी माणसं दारात येऊन आभाळाकडे पाहत होती. आमच्या चपलांचा आवाज आम्हालाच मोठा वाटत होता आणि घोषणा देताना आवाज आपोआप खाली येत होता.

मग एका वळणावर लूम ऐकू आले.

एकच खातं चालू होतं. शटर खाली, आत चोवीस लूम. त्या खात्यातले सगळे कारीगर तिसऱ्या लाइनमध्ये राहायचे. त्यांत माझा मामा होता. सख्खा नव्हे, मायच्या गावचा, पण दर राखीला मायकडे येणारा. मोर्चा थांबला. बायकांनी हातातल्या बांगड्या काढून शटरवर फेकल्या. काच फुटत होती आणि आतला आवाज जराही चुकत नव्हता. मायने बांगडी फेकली नाही. ती नुसती कान देऊन उभी होती. मला वाटलं, भावासाठी रडू आवरते आहे.

त्या आवाजात काहीतरी चुकीचं होतं. तेव्हा मला ते सांगता आलं नसतं. लूमचा आवाज भरलेला असतो, त्या दिवशीचा कोरडा होता. ताटात काही नसताना कोणी जेवत बसावं, नुसता जबडा हलवत राहावं, तसा. मी आबांकडे पाहिलं. तीस वर्षं लूमवर काढलेल्या माणसाला समोरच्याचे ओठ वाचता येतात, आवाज फारसे ऐकू येत नाहीत. आबांनी शटरवर तळहात ठेवला, थरथर लागली, आणि ते म्हणाले, “चालू आहे.” तेवढंच.

संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. एका बैठकीत, न खोडता. कोण आलं त्याची हजेरी घेतली, लाइनवार. गोडादऱ्याच्या चार लाइनींना जबुलून म्हटलं, आमच्या पाचव्या लाइनला नफताली. आणि तिसऱ्या लाइनला विचारलं : रऊबेन, शेजारची माणसं धुराने मेली तेव्हा तू मेंढवाड्यात बसून काय ऐकत होतास? आबांनी वाचलं आणि विचारलं, “हा रऊबेन कोण?” मी सांगितलं. ते म्हणाले, “असू दे. शिवीपेक्षा बरं लागतं.”

लागलं. शटरची कुलपं निघाली, निदान आमच्या भागातली. संप जिंकला आणि पत्रक भिंतीवर चढलं. तिसऱ्या लाइनला नळावर शेवटचा नंबर मिळू लागला. मामा राखीला आला नाही. युनियनच्या सभेत तो एकदा मागे येऊन बसला, तर त्याच्या दोन्ही बाजूंची माणसं उठून दुसरीकडे गेली. मी ते पाहिलं. मला ते योग्य वाटलं.

तीन वर्षांनी मामाचं खातं बंद पडलं. शेठने लूम भंगारात घातले, नवीन मशिनं दुसरीकडे टाकली. त्या उन्हाळ्यात एका सकाळी मामी आमच्या दारात आली. आत आली नाही.

“रविवारी पोरीला पाहायला येताहेत,” ती मला म्हणाली. “कामरेजचे. लूमवालेच लोक आहेत. लाइनच्या तोंडाशीच वाचतील. मी दोनदा पुसलं, दोनदा परत लिहिलं कोणीतरी. तू लिहिलंस, आता तूच पूस.”

“मामी, भिंतीवर मी नाही लिहिलं.”

“मग कोणी? आम्ही तर हे नाव जन्मात ऐकलं नव्हतं.”

ती चिडलेली नव्हती. खरंच विचारत होती.

मी तिच्याबरोबर गेले. वाद घालायलाच गेले, खरं सांगायचं तर. मनात वाक्यं तयार होती. पण रूमच्या दारात पडदा होता आणि मी तो बाजूला करायला हात घातला तर माझा हात आरपार गेला. पडद्याचा वरचा भाग साधं पांढरं कापड होतं. खालचाही. मधे मात्र पुरुषभर उंचीला कापडच नव्हतं, नुसते उभे धागे, हजारो, एकही आडवा नाही. वाऱ्याने ते सुटे हलत होते आणि त्यांच्या पलीकडे मामाची मुलगी भांडी घासताना दिसत होती, उभ्या रेघांची झालेली.

“खराब ताका आहे, वाया गेलेलं ठाण,” मामी म्हणाली. “संपानंतर शेठने सगळ्यांना त्यांचा त्यांचा घरी न्यायला लावला. मी लावला दाराला.”

पडदा मी मामीकडून मागून घरी आणला आणि आबांसमोर धरला. माय भिंतीकडे तोंड करून भाकरी थापत होती. आबांनी डोळे मिटले आणि बोटं त्या धाग्यांवरून खाली नेली, कापड जिथे संपतं तिथून पुन्हा सुरू होतं तिथवर. मग पुन्हा एकदा.

“तार तुटलेली नाही,” ते म्हणाले. “लूम चालू होता. बाणा नव्हता. धोटा रिकामा पळत होता.”

“म्हणजे?”

“म्हणजे आडवा धागा घालणारी कांडी काढून घेतली होती. लूम चालतो, कापड होत नाही.” त्यांनी डोळे उघडले. “एवढं लांब आपोआप होत नाही. कारीगर उभा राहून करतो तेव्हा होतं. बराच वेळ.”

भाकरी थापायचा आवाज थांबला होता. मायने वळून पाहिलं नाही.

चोवीस लूम रिकामे. तो कोरडा आवाज. मला सगळं एकदम कळलं आणि मी लगेच लिहायला बसले. शेठने बाहेरून कुलूप लावून कारीगरांना कोंडलं आणि त्यांनी आत राहून आपला संप पाळला, असं. मला शटरचं कुलूप आठवतही होतं, मोठं, पितळी, फुटलेल्या बांगड्यांच्या थोडं वर. शपथेवर सांगितलं असतं.

आबांनी कागद वाचला. “छापलेलं मागे घेतलं तर उद्या आपल्यावर कोण विश्वास ठेवील?”

“खोटं छापलेलं तसंच ठेवलं तर का ठेवावा?”

त्यांनी कागद घडी घालून मला परत दिला. “त्याला विचार आधी,” ते म्हणाले. “तेव्हा विचारलं नाही आपण.”

मामा त्या रिकाम्या खात्यावर वॉचमन होता. लूम गेले, शेड विकली जायची होती, तोवर राखायला शेठने त्यालाच बसवलं होतं. मी शनिवारी भर दुपारी गेले. शटर अर्धं वर होतं. आत जमिनीवर लूमच्या पायांच्या खुणा होत्या, दोन रांगांत, प्रत्येक खुणेभोवती तेलाचा काळा डाग. छतापासून सुताच्या भुशाची जळमटं लोंबत होती. मामा दोन रांगांच्या मधल्या वाटेवर स्टूल टाकून बसला होता, जिथे कारीगर उभा राहतो त्याच जागी. त्याचा उजवा पाय हलत होता. एक ठेका होता त्याला.

“ये पोरी,” तो म्हणाला. “तिथे नको, तिथे सहा नंबर आहे.”

मी खाली पाहिलं. तेलाच्या डागात उभी होते. मी बाजूला झाले. त्याला त्यात काही वेगळं वाटलेलं दिसलं नाही.

मी त्याला कागद वाचून दाखवला. कुलपाशी आल्यावर त्याने हात वर केला.

“कुलूप नव्हतं.”

“मामा, मी पाहिलंय.”

“तू शटर पाहिलं. इकडे ये, बघ.” त्याने मला शटरपाशी नेलं. आतल्या बाजूला कडी होती, हाताएवढी लांब, मधोमध चकचकीत झिजलेली. “शेठ आलाच नव्हता त्या दिवशी. त्याचा फोन पण नाही. आम्ही चौदा जण रात्रपाळीचे होतो. पहाटेपासून बोलत होतो, जायचं का. जाऊ म्हणायचो. सगळे जाऊ म्हणायचे. मग कोणी म्हणायचं, रूम शेठची आहे. मग परत जाऊ म्हणायचो. कोणीतरी म्हणालं, विणायचं नाही, पण आवाज तर राहू द्या. आम्ही कांड्या काढल्या.”

“आणि कडी?”

“कडी मन्हाच हातमा व्हती.” त्याने तळहात दाखवला, जणू अजून त्यावर काही असेल. “तुम्ही आलात ते ऐकलं. बांगड्या ऐकल्या. लूम चालू असताना काय ऐकू येतं? पण ऐकलं. कडी अर्धी सरकवली होती मी. मग मोर्चा पुढे गेला.”

“तीन वर्षं का नाही सांगितलं?”

“तू विचारलं होतं ना पत्रकात. का बसून राहिलात.” तो पहिल्यांदाच हसला. “खाली उत्तराला जागा कुठे ठेवली होती?”

मी म्हटलं, उद्या पाहुणे आहेत. कुलूप होतं असं लिहिलं तर तुम्ही सगळे सुटता, आणि शेठलोक कुलूप लावतच होते, कोणाला काही वावगं वाटणार नाही. हे मी बोलले. मीच, जिने कुलपासाठी संप लिहिला होता.

“जे दोघे गेले ना, त्यांच्या शटरला कुलूप होतं,” मामा म्हणाला. “त्यांचं कुलूप माझ्या दाराला लावू नको. लिखं तू, पन खरं लिखजो.”

तो परत स्टुलावर जाऊन बसला आणि त्याचा पाय हलू लागला. बाहेर पडताना मी भिंतीला हात लावला. शेजारची दोन्ही खाती जेवणाच्या सुट्टीत बंद होती, मी खात्री केली. भिंत बारीक थरथरत होती.

नवं पत्रक त्याच संध्याकाळी प्रेसवर गेलं. मी लिहिलं की मी न विचारता लिहिलं होतं. लिहिलं की लूम रिकामे होते आणि कडी आतून होती. दोन्ही. आबांनी एकच शब्द बदलला : मी ‘कारीगर’ लिहिलं होतं, त्यांनी ‘बंधू’ केलं. पानाचा खालचा अर्धा भाग मी कोरा सोडला आणि वर छापलं, उत्तरासाठी. प्रेसवाला म्हणाला, “ताई, एवढी जागा फुकट? जाहिरात टाकू का?”

भिंत मी पुसली नाही. मामाच नको म्हणाला. रविवारी कामरेजचे पाहुणे लाइनच्या तोंडाशी थांबून ते वाचताना मी पाहिले. रूमवर बसल्यावर मामाने चहाच्या आधी पत्रक त्यांच्या हातात दिलं. मुलाचा बाप लूमवरचाच होता, चष्मा लावून त्याने ते दोनदा वाचलं. मग उठून दाराशी गेला आणि पडद्याच्या धाग्यांत हात घातला. हात पलीकडे, उन्हात, एकटाच दिसत राहिला.

“कडीचं आम्हाला कळलं नसतं,” तो म्हणाला.

“पोरीला उद्या कोणीतरी सांगितलंच असतं,” मामा म्हणाला.

“कळवतो” म्हणून ते गेले, सगळेच म्हणतात तसं. मामीने माझ्याकडे पाहिलं नाही. बुधवारी त्यांचा होकार आला. फोनवर मुलाच्या बापाने एवढंच विचारलं म्हणे, तो ताका लग्नात द्याल का.

पत्रकं परत येऊ लागली ती त्याच आठवड्यात. दाराखालून सरकवलेली, घडी केलेली, नाव नसलेली. कोऱ्या भागात लिहिलेलं असे. आमचं खातं बंद होतं पण आम्ही घरी झोपलो होतो. मी मोर्च्यात होतो, वळणावर मागे फिरलो. मी बांगडी फेकली, माझा नवरा आत होता. जबुलून म्हटलेल्या लाइनींमधून सगळ्यांत जास्त आली. मी ती खाटेखाली ठेवली आहेत.

काल मी भिंतीशी गेले. रऊबेनच्या खाली नव्या कोळशाने एक आकडा लिहिलेला होता. पाच. आमची लाइन. त्या पाचाची शेपटी खाली लांब ओढून परत वर वळवली होती.

माझ्या मायला अक्षरं येत नाहीत. आकडे येतात, फोन नंबर लिहिण्यापुरते. तिच्या पाचाची शेपटी अशीच असते. लग्नाआधी ती चार वर्षं खात्यावर कांड्या भरत होती. भरलेला धोटा आणि रिकामा धोटा तिला झोपेतही वेगळे ऐकू येतात.

मी घरी आले. ती भांडी लावत होती. तिच्या बोटांच्या टोकांना काळं होतं.

“तुला त्या दिवशीच कळलं होतं,” मी म्हटलं.

तिने पातेलं पालथं घातलं. “तू लिहीत बसली होतीस,” ती म्हणाली. “आवाज नको म्हणाली होतीस.”